सकाळचा गुरगुट्या भात

हत्तरगी यायच्या आधीच त्रिशलानं शिट्टी मारली. गाडी थांबायचं ते ठिकाण नव्हतं. ड्रायव्हर भरमूअण्णानं आरशात बघितलं, कंडक्टरीणबाईंचा घामेजलेला चेहरा ओळखला आणि काही न विचारता गाडी कडेला घेतली. निपाणीहून बेळगावला निघालेली कर्नाटकची लाल बस, आत पाय ठेवायला जागा नाही, आणि तिकिटाचं यंत्र छातीशी धरून त्रिशला रस्त्याकडेच्या हॉटेलामागं पळत सुटलेली.

ती परत आली तेव्हा गाडीत कुजबूज चालली होती. पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ घड्याळ दाखवत म्हणाला, "काय वो बाई, गाडी घरची हाय व्हय? आमची कोर्टात तारीख हाय."

"घरचा फोन आलता," त्रिशला म्हणाली.

फोन तिच्या सीटवरच पडलेला होता. सगळ्यांना दिसत होता. मागनं एका बाईचं हसू फुटलं, आणि ते हसू बेळगावचा स्टँड येईपर्यंत त्रिशलाच्या कानात राहिलं.

तक्रार तिच्या आधी निपाणीच्या डेपोत पोचली होती. डेपो मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. तिनं चहाला हात लावला नाही.

"त्रिशला, तुला दटावायला बोलवलं न्हाय. चार महिन्यांत कितीदा गाडी आडरानात थांबली, मला सगळं कळतंय. रिझर्वेशनच्या खिडकीत जागा होतीय. डोक्यावर पंखा हाय, शेजारी बाथरूम हाय. घे ती. दसऱ्यापर्यंत सांग मला."

खिडकी चांगलीच होती. पण त्रिशलाला ती नको होती. जैनाची सून गाडीवर जाणार म्हटल्यावर निपाणीच्या गल्लीत केवढा गहजब झाला होता! सासरे तवनाप्पा त्या वेळी एकटेच तिच्या बाजूनं उभे राहिले होते. ती रुजू झाली, आणि तिला ते काम मनापासून आवडलं. स्तवनिधीचा घाट चढताना लागणारं गार वारं, संकेश्वरला मराठी बोलत चढणारी आणि यमकनमर्डीला कन्नड बोलत उतरणारी माणसं, "स्वल्प हिंद सरीरी, मागं सरका मागं" अशी दोन भाषांत मारलेली हाळी. बायकांना तिकीट फुकट झाल्यापासून गाडी कायम तुडुंब. त्या गर्दीत तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

एवढं सगळं एका पोटापायी सोडायचं?

पोटाचं दुखणं दोन वर्षांचं. एका उन्हाळ्यात जुलाब लागले. औषधानं थांबले, पण आतडी काही पहिल्यासारखी झाली नाहीत. कधी दिवसात चार वेळा पळायला लागायचं, कधी तीन दिवस काहीच नाही आणि पोट नगाऱ्यासारखं. कळ यायची ती नेमकी गाडी सुटल्यावर. तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. चांगल्या आल्या हेच वाईट झालं. तिचा नवरा, अभिनंदन, तिला म्हणाला, "रिपोर्टात काय न्हाय म्हणजे तुझ्या मनातच हाय बघ." जो तो सांगायचा, फायबर खा. म्हणून ती कोंड्याची चपाती खायची, ताटभर काकडी, कच्ची मेथी, मोडाची मटकी खायची. जेवढं खायची तेवढं दुखणं वाढायचं.

शेवटी तिनं आपलाच एक उपाय काढला. ड्युटीवर जाताना खायचंच नाही. पोटात काही नसलं तर बाहेर येणार काय? सकाळी नुसता चहा, दुपारी भुकेनं कासावीस होऊन भाकरी आणि बिनलसणीचा झणझणीत ठेचा. घरचा नेम दिवस मावळायच्या आत जेवायचा. शेवटची फेरी लांबली की घरी येईपर्यंत अंधार पडलेला असायचा. मग पाणीसुद्धा नाही, थेट सकाळी चहा. पोट असं बावीस घरं फिरून रिकाम्या हातानं आलेल्या भिकाऱ्यागत उपाशी, आणि वर त्याच्याकडनं शहाणपणाची अपेक्षा.

खिडकीचं बोलणं झालं त्याच आठवड्यात ती सुट्टी टाकून बेळगावला खासबागेतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेली. एकटीच गेली. बाईंनी आधीचे सगळे रिपोर्ट चाळले आणि बारीकसारीक विचारलं. रक्त पडतं का? वजन उतरलंय का? कळ झोपेतनं उठवते का? त्रिशला नाही नाही म्हणत गेली.

"म्हणजे मला काय झालंच न्हाय म्हणायचं?" तिनंच शेवटी विचारलं.

"झालंय. आतड्याला जखम नाही, पण त्याची चाल बिघडलीय. जरा काही झालं की ते आवळतं. ह्याला आय.बी.एस. म्हणतात. हे खोटं नाही, तुम्ही नाटक करत नाही. आणि हे सांभाळता येतं."

त्रिशलानं पदरानं डोळे पुसले. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं की झालंय.

"कोंडा बंद करा आधी," बाई म्हणाल्या.

"फायबर बंद?"

"फायबर दोन जातीचं असतं. एक पाण्यात विरघळतं. इसबगोल भिजवला की कसा फुगतो? ओट्स शिजवले की बुळबुळीत होतात ना? तसं. ते आतड्यातून मऊ सरकतं. पातळ होत असेल तर धरून ठेवतं, घट्ट होत असेल तर ओलं ठेवतं. दुसरं विरघळत नाही. कोंडा, साली, कच्चा पाला. ती केरसुणी. ठणठणीत आतड्याला केरसुणी चालते. तुमचं आतडं आत्ता सोललेल्या कातडीसारखं नाजूक झालंय. सोललेल्यावर कोण केरसुणी फिरवतं?"

मग त्या काय खायचं ते सांगू लागल्या. मऊ भात, त्यात फायबर थोडंच, पण तो पोटाची खोडी काढत नाही. ओट्स, जव, साल काढून उकडलेला बटाटा, रताळं, गाजर…

"बाई, आम्ही जैन. जमिनीखालचं आम्हाला चालत न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं. मग ते सोडून जमवू. थोडं अवघड जाईल, पण जमेल. मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा. रिकाम्या पोटी चहा नाही, फळ नाही, भाजी नाही. आधी हे मऊ पिष्टाचं पोटात जाऊ द्या, मग त्याच्यावर बाकीचं. थोडं थोडं, वेळच्या वेळी. तिखट-तेलकट कमी. आणि एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवतंच असं नाही. तुमचं तुम्हाला शोधावं लागेल."

परतताना गाडीत त्रिशला प्रवासी म्हणून खिडकीशी बसली होती. शोधावं लागेल, हे शब्द तिला आवडले होते. शोधायचं तर शोधू.

घरी जेवणं आटोपल्यावर तिनं सगळ्यांसमोर विषय काढला. लाज बाजूला ठेवून, जुलाब म्हणजे जुलाब, असं सरळ बोलली. सासू पद्माक्का तोंडाला पदर लावून बसल्या. तवनाप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. बटाट्या-रताळ्याचं आलं तशी त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोरी, औषध म्हणून खाल्लंस तर दोष लागत नसंल. मुनीमहाराजांना विचारून येतो मी उद्या. काहीतरी सूट देतील."

हा माणूस उभ्या जन्मात कांद्याला शिवला नव्हता. त्याच्या तोंडचं हे ऐकून त्रिशलाला भरून आलं, पण ती म्हणाली, "मामा, सूट नको मला. नेम माझाबी हाय. मला मदत पायजे. सकाळी तासभर शेगडी मोकळी द्या, आणि मी काय खातो त्यावर कुणी हसायचं न्हाय. एवढंच."

"सकाळच्या पारी काय करणार शेगडीवर?" पद्माक्कांनी विचारलं.

"गुरगुट्या भात."

"अगंबाई! बाळंतीण हाईस काय?"

"हसायचं न्हाय म्हटलं न्हवं, आत्ती?"

दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी उठू लागली. तांदूळ जास्त पाण्यात इतका शिजवायचा की पळीनं घोटला की लापशी व्हावी. त्यात मीठ, जिऱ्याची पूड, मुगाच्या वरणाचं पाणी. चहाच्या आधी तो वाटीभर भात. डब्यात तसाच भात, जरा घट्ट. दुसरा डबा ओट्सचा किंवा जवाच्या जाडसर पेजेचा, तो दिवस मावळायच्या आत गाडीतच संपवायचा. फेरी कितीही लांबू दे, संकेश्वरच्या स्टँडवर ती सीटवर बसून चार घास खायचीच. भाजी खायची ती दुधीची, लाल भोपळ्याची, साल काढून मऊ शिजवलेली, आणि तीही भाताच्या मागनं. ठेचा सोडला. हा ठेचा सोडणं मात्र तिच्या जिवावर आलं. पद्माक्का खलबत्त्यात मिरची कुटायला लागल्या की ती उठून अंगणात जायची.

ती घाईची बाई. एका दिवसात बरं व्हायला बघितलं. डॉक्टरीणबाईंनी अर्धा चमचा इसबगोल सांगितला होता, तिनं तीन चमचे घेतले आणि वर पाणीही बेताचंच प्यायली. पोट असं फुगलं की पट्टा बांधता येईना. मग मुकाट्यानं अर्ध्या चमच्यावर आली, भरपूर पाणी प्यायली, आणि आठवड्या-आठवड्यानं वाढवत गेली.

भरमूअण्णाला तिच्या पोटाचं सगळं ठाऊक झालं होतं. एका सकाळी त्यानं स्टीअरिंगजवळनं एक गरम पिशवी काढून दिली. "पिरनवाडीकडच्या आमच्या रानातली रताळी. बायकोनं, जयानं उकडून दिलीत. मऊ लोण्यागत हायती. डॉक्टरनं सांगितलंय न्हवं?"

पिशवीतनं गोडसर वाफ आली. रताळ्याच्या हंगामात बेळगावचा बाजार लालभडक ढिगांनी भरलेला तिनं वर्षानुवर्षं बघितला होता, कधी मोह झाला नव्हता. आज झाला. हे गपकन खावं आणि बरं व्हावं. कुणाला कळणार होतं? सासरे तर स्वतःच सूट आणायला निघाले होते.

तिनं पिशवी परत दिली. "अण्णा, जयाबाईला सांगा, लई जीव लावला. पण आमच्यात चालत न्हाय."

भरमूनं कपाळावर हात मारला. "इसरलोच की गं! इतकी वर्सं एका गाडीवर, आणि मी येडं." पुढच्या पाळीला जयाबाईनं पिकलेल्या केळ्यांची फणी धाडली. त्रिशलाला ती मानवली.

महिनाभरानं फरक दिसायला लागला. गाडी आडरानात थांबली नव्हती. आणि नेमकं तेव्हाच चिकोडीकडं नणंदेच्या मुलाचं बारसं आलं. पंगतीत तिच्या पानात कुणीतरी मिरचीची भजी वाढली, कुणीतरी मसालेभातावर तुपाची धार धरली. "खा गं, एका दिसानं काय होतंय!" दहा तोंडांनी आग्रह झाला. तिलाही वाटलं, आता बरं आहे, काय होतंय. दुसऱ्या दिवशी काय होतंय ते समजलं. ती ड्युटीवर जाऊच शकली नाही. बाथरूमच्या दाराला टेकून बसली होती.

अभिनंदन पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्याला कीव आली होती, आणि कीव आली की तो वैतागायचा. "बघ, एवढं करून काय उपेग झाला? दसरा आलाय. घे की ती खिडकी, सुखानं बस."

"एकदा पंक्चर झालं म्हणून गाडी भंगारात घालतंय का कोण?" त्रिशला बसल्या जागेवरनं म्हणाली. "उपेग झाला न्हाय कसा? कशानं बिघडलं ते आज मला ठावं हाय. आधी तेबी ठावं नव्हतं."

अभिनंदननं तांब्या तिच्याजवळ ठेवला. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत तिच्यापुढं वाटी आली. गुरगुट्या भात. तो तिनं केलेला नव्हता, अभिनंदननंही केलेला नव्हता. पद्माक्का दारात उभ्या होत्या. "पाणी कमी पडलं काय बघ," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दसऱ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. बेळगावहून दुपारची परतीची गाडी. सुट्ट्या लागलेल्या, बाकाबाकावर पिशव्या आणि पोरं. वंटमुरीच्या घाटात गाडी वळणावर आली आणि थांबली. पुढं एक मालट्रक आडवा झाला होता. कुणाला लागलं नव्हतं, पण रस्ता बंद. इंजिनं बंद झाली, माणसं खाली उतरून घाम पुसू लागली. मागं गाड्यांची रांग लागली.

त्रिशलाच्या पोटात पीळ पडला. तो पीळ ती ओळखत होती. अडकलो, आता जायला जागा नाही, असं मनात आलं रे आलं की आतडं मूठ आवळायचं. तिनं सीटवर बसून डबा उघडला. भाताचे घास सावकाश, चावून चावून खाल्ले. पीळ गेला नाही, पण वाढलाही नाही. असू दे, ती मनात म्हणाली. राहा तिथंच. मी हाय हितं.

तेव्हा तिचं लक्ष मधल्या बाकावरच्या पोरीकडं गेलं. कॉलेजची पोर, सॅक पोटाशी घट्ट धरलेली, ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घाम. पोर कुणाकडं बघत नव्हती. खिडकीबाहेर बघून नुसती श्वास मोजल्यासारखी बसली होती. असा चेहरा त्रिशलानं दुसऱ्या कुणाचा कधी बघितला नव्हता, पण गाडीच्या आरशात स्वतःचा कितीतरी वेळा बघितला होता.

ती जवळ जाऊन वाकली. "नाव काय गं बाळ?"

"तेजस्वी."

"पोटात कळ आलीय न्हवं?"

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं मान हलवली. "सकाळपासनं काय खाल्लं न्हाय मी. प्रवासात त्रास होतो म्हणून."

"ऊठ. चल माझ्यासंगं."

वळणाच्या खाली शेतात पत्र्याचं एक घर दिसत होतं. त्रिशलानं भरमूला सांगितलं, पोरीचा हात धरला आणि दोघी बांधावरनं उतरल्या. घरातली बाई कन्नड बोलणारी, अनोळखी खाकी कपडे बघून दचकलेली. "अक्का, ई हुडगीगे होट्टी नोयाक हत्तैती," त्रिशला म्हणाली. पोरीचं पोट दुखतंय म्हटल्यावर बाईनं पुढचं विचारलंच नाही. पाण्याची बादली उचलली आणि मागचा संडास दाखवला.

त्रिशला अंगणात उभी राहिली. आणि तेवढ्यात वर घाटात इंजिनं सुरू झाल्याचा आवाज आला. ट्रक बाजूला झाला होता. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले. बसच्या खिडक्यांतनं माणसं हात हलवून ओरडत होती. एकजण बांधापर्यंत खाली आला.

"ओ बाई! चला की! रस्ता मोकळा झालाय. एका पोरीसाठी सगळ्यांनी थांबायचं व्हय? ती येईल मागच्या गाडीनं."

"गाडी थांबंल," त्रिशला म्हणाली.

"का म्हणून?"

"तिचं पोट बिघडलंय म्हणून." ती इतक्या मोठ्यानं बोलली की वरच्या खिडक्यांपर्यंत गेलं. "माझंबी बिघडतंय. दोन वर्सं झाली. मागं मी गाडी थांबवून पळत हुतो ती ह्यापायीच. फोनबिन काय आला नव्हता. पोट कुणाला सांगून बिघडत न्हाय. पोरीला आडरानात सोडून मी शिट्टी मारणार न्हाय. तुमाला तक्रार करायची तर नाव लिहून घ्या माझं."

वर गाडीत दोन-चार माना खिडकीबाहेर आल्या. मग एका म्हातारीचा आवाज आला, "बस की रं गप, येतीया ती पोर." खाली आलेला माणूस पुटपुटत बांध चढून गेला. भरमूअण्णानं गाडी कडेला दाबून मागच्यांना वाट करून दिली.

तेजस्वी बाहेर आली तेव्हा तिची मान खाली होती. त्रिशलानं तिला आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि डब्यात उरलेला भात पुढं केला.

"आत्ता? नको मावशी. परत व्हईल."

"थोडा खा. उपाशी पोटानंच जास्त आवळतं. मी दोन वर्सं उपाशी राहून बघितलं, काय मिळालं न्हाय. पण घरी गेल्यावर डॉक्टरला दाखव. माझं तेच तुझं असंल असं न्हाय. आणि आईला सरळ सांग, लाजू नको."

पोरीनं एक घास घेतला. मग दुसरा. संकेश्वर येईपर्यंत तिच्या गालावर जरा रंग आला होता. त्रिशलाच्या पोटातला पीळ मात्र अजून होता. निपाणीच्या स्टँडवर शेवटचा माणूस उतरवून, यंत्र भरमूअण्णाकडं देऊन, ती आधी संडासाकडं गेली, चालत गेली, आणि मग येऊन हिशेब दिला.

गाडी उशिरा आल्याची तक्रार झालीच. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. तिनं घडलं तसं सांगितलं, एक अक्षर न लपवता.

"हं," तो म्हणाला. "आणि खिडकीचं?"

"साहेब, ती खिडकी दुसऱ्या गाडीवरच्या सविताला द्या. तिला सातवा महिना लागलाय, गचके सोसत न्हाईत. मी लाइनवरच राहतो."

"आणि पोट?"

"हाय ते हाय. बरं झालं असं म्हणत न्हाय मी. महिन्यातनं एखादा दिवस वाईट जाणारच, त्या दिवशी मी आधी सांगंन. बाकीच्या दिवशी गाडी येळेवर पोचंल. आणि एक मागणं हाय. लांब पल्ल्याच्या गाड्या संकेश्वरला जरा जास्त थांबवा. बायका संडासाला उतरायला लाजतात. मी हाळी मारून उतरवतो."

मॅनेजरनं कागदावर टिपून घेतलं. "वर विचारतो," तो म्हणाला. "होईल असं सांगत न्हाय."

"इचारा. मीबी परत परत इचारत राहतो."

ती बाहेर आली. स्टँडवर बेळगावची गाडी लागली होती आणि दारात बायकांची झुंबड उडाली होती. त्रिशलानं यंत्र गळ्यात अडकवलं, गर्दीत शिरली आणि दोन्ही भाषांत हाळी दिली.